मोसंबीचं माहेर

मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, ऑक्टोबरात पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं. साडेपाचला खालच्या रस्त्यावर बाकडी सरकल्याचे आवाज सुरू व्हायचे आणि सहाच्या सुमाराला तळणीचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीपर्यंत चढायचा. पहिल्या सकाळी त्या वासामागेच मी खाली उतरले. जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा फुटपाथवर सडा पडला होता आणि त्याच्या कडेला एक बाई कोळशाच्या शेगडीवर कढई ठेवून बसली होती. चवळी भिजवून, सालं काढून वाटलेली, त्यात कांदा-मिरची. बोटांनी सोडत होती, तशी ती गोल गोल फुलून वर येत होती. शेजारी कापडाखाली झाकलेले लांबट पाव. तिने एक पाव चिरला, चार भजी आत दाबली, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

याला काय म्हणतात, असं मी खुणेनं विचारलं. ती म्हणाली, "पाँव कों बाजिया."

मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला हे शाळेत कधीतरी वाचलं होतं. आपलं भजं कुणाच्या तरी गलबतातून इथे येऊन 'बाजिया' झालं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते दोन शब्द गोव्यापासून हजारो किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या दुसऱ्या काठावर, एका कागदात गुंडाळलेले मला मिळाले. मी तिथेच कठड्यावर बसून खाल्लं. पुढचे नऊही दिवस माझी न्याहारी तीच होती.

मी गेले होते कामासाठी. त्या वेळी मी पुण्यातल्या एका डाळ आयात करणाऱ्या कंपनीत मालाचा दर्जा तपासायचे. ओलावा किती, किडका दाणा किती, खडा-माती किती. 2015 साली आपल्याकडे तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली ते आठवत असेल. त्यानंतर 2016 मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात तुरीचा करार झाला. पहिल्या वर्षी 1 लाख टन, आणि वाढवत वाढवत 2020-21पर्यंत 2 लाख टन तूर तिथून घ्यायची. 2019च्या सप्टेंबरात मी उत्तरेकडच्या नांपुला प्रांतातल्या गोदामांमध्ये होते. तिथून कागदपत्रांच्या कामासाठी राजधानीत आले आणि अडकले. 15 ऑक्टोबरला देशात निवडणूक झाली होती, कचेऱ्या अजून सुस्त होत्या, एका सहीसाठी नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

निघताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच काम सांगितलं होतं. "आपली मोसंबी तिथलीच म्हणत्यात ना? मग बघून ये. कसली झाडं हायती, कसली माती हे."

आम्ही जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून पडलं हे अण्णांना एका कृषी सहायकानं सांगितलं होतं, फार वर्षांपूर्वी, आणि ते त्यांनी जपून ठेवलं होतं. आमची साडेतीनशे झाडं होती, न्यूसेलर जातीची. डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानं मलूल झाली की जानेवारीत पाणी सोडायचं, आणि मग आंबे बहाराची पांढरी फुलं. त्या दिवसांत रात्री घराचं दार उघडं असलं की अंथरुणापर्यंत वास यायचा. 2012चा पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी मार्चपर्यंत टँकर विकत घेऊन झाडं जगवली, मग पैसे संपले. झाडं उभ्या उभ्या वाळली. खोडं सरपणाला गेली. त्या रानात आता तूर आणि कापूस असतो.

आणि 2017 साली, तूर उदंड झाली आणि बाजारात हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला 5,050 रुपयांच्या, पार खाली घसरली तेव्हा अण्णा खरेदी केंद्राबाहेर तीन रात्री ट्रॅक्टरवर झोपले. बारदाना संपला म्हणून काटा बंद होता. त्याच आठवड्यात मी न्हावा शेवाला परदेशी तुरीचे नमुने हातावर घेऊन फुंकर मारत होते. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. त्यांनी विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

मोझांबिकच्या नकाशाकडे पाहिलं की पहिल्यांदा प्रश्न पडतो तो राजधानीच्या जागेचा. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास किनारा, आणि राजधानी अगदी खालच्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेची हद्द शंभर किलोमीटरच्या आत. उत्तरेतल्या माणसाला मापुतोला येणं म्हणजे आपल्याकडे चंद्रपुरातून निघून पार कन्याकुमारीच्या पुढे जाण्यासारखं. याचं कारण सोनं. जोहान्सबर्गला सोनं सापडलं, त्याला समुद्र हवा होता. 1895 मध्ये इथून प्रिटोरियापर्यंत रेल्वे झाली आणि 1898 मध्ये पोर्तुगीजांनी राजधानी उत्तरेतल्या मोझांबिक बेटावरून इथे हलवली. गावाचं नाव तेव्हा लोरेन्सू मार्केश, 1544 मध्ये या खाडीत आलेल्या एका पोर्तुगीज व्यापाऱ्याचं. रेल्वेनं एका बाजूला सोन्याच्या खाणीत राबायला माणसं गेली, दुसऱ्या बाजूने माल आला. शहराचा पाया हाच.

त्या रेल्वेचं स्टेशन फार देखणं आहे. 1916 मध्ये पुरं झालेलं, हिरवट-पांढरं, वर तांब्याचा घुमट. ते आयफेलनं बांधलं असं प्रत्येक जण सांगतो. ते खरं नाही. मी दोनदा गेले, फलाटावर बसले, एकही गाडी न येता तास गेला आणि तो तास मला आवडला. गावात एक लोखंडाचं घरही आहे, 1892चं, सगळा सांगाडा आणि भिंती जहाजातून आणून जोडलेल्या. गव्हर्नरसाठी केलं आणि उन्हानं आत राहणं अशक्य झालं. ज्या मुलखात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही तिथे लोखंडाच्या भिंती उभ्या करणाऱ्याला इथल्या एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

रस्त्यांची नावं मात्र मी वाचत हिंडायचे. कार्ल मार्क्स, व्लादिमीर लेनिन, हो चि मिन्ह, माओ, ज्युलियस न्येरेरे. 25 जून 1975ला देश स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी शहराचं नाव मापुतो झालं, आणि जुन्या पोर्तुगीज पाट्या उतरल्या. पण एक मोठा रस्ता जुन्याच नावाने राहिला: 24 जुलै. मला वाटलं स्वातंत्र्यलढ्यातली एखादी तारीख असेल. घरमालकीणबाईंनी सांगितलं ते वेगळंच. 24 जुलै 1875 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमाहॉन यांनी निवाडा दिला होता की ही खाडी इंग्रजांची नाही, पोर्तुगीजांची. इथल्या माणसांना कुणी पक्षकारही केलं नव्हतं. त्या विजयाची आठवण म्हणून रस्त्याला नाव पडलं. बरोबर शंभर वर्षांनी, 24 जुलै 1975ला, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांनी शाळा, दवाखाने, वकिली, अगदी अंत्यविधीची दुकानंसुद्धा सरकारी केल्याचं जाहीर केलं. पाटी तशीच राहिली. मी रोज त्या रस्त्यानं जात होते आणि रोज मला तो थोडा अधिक रुंद वाटायचा.

माशेल हे पेशाने परिचारक. याच शहरातल्या इस्पितळात शिकले, तिथेच गोऱ्या आणि काळ्या परिचारकांच्या पगारातला फरक त्यांनी पाहिला. स्वातंत्र्य चौकात त्यांचा नऊ मीटर उंच ब्राँझचा पुतळा आहे, एक बोट वर केलेला. त्याच्यामागे नगरपालिका, बाजूला पांढरंशुभ्र कॅथेड्रल. इथे आधी घोड्यावर बसलेल्या मोझिन्यो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनाधिकाऱ्याचा पुतळा होता. तो फोडला नाही. तो उचलून बंदराजवळच्या जुन्या किल्ल्याच्या अंगणात ठेवला.

किल्ला लहानसा आहे, तांबूस दगडांचा, आपल्या कोकणातल्या एखाद्या गढीएवढा. आत शिरल्यावर अंगणात तो घोडेस्वार दिसतो. आणि एका अंधाऱ्या खोलीत कोरीव लाकडाची एक शवपेटी. ती गुंगुन्यान यांची. गाझा राज्याचे शेवटचे राजे. याच मोझिन्योनं त्यांना 1895च्या डिसेंबरात शायमिते इथे पकडलं, लिस्बनमधून मिरवलं आणि अटलांटिक महासागरातल्या आझोर्स बेटांवर हद्दपार केलं. तिथे ते 1906 मध्ये वारले. 1985 मध्ये, स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, त्यांचे अवशेष परत आणले.

पकडणारा अंगणात, पकडलेला खोलीत. मध्ये वीस-पंचवीस पावलं. मी ती चालून पाहिली. मग एका शिक्षकानं, जो वर्गातली मुलं घेऊन आला होता, मला इंग्रजीत सांगितलं की तो स्वतः चोपी समाजाचा आहे आणि त्याच्या घरात गुंगुन्यान हे नाव चांगल्या अर्थाने घेत नाहीत. गाझाच्या फौजांनी चोपींची गावं जाळली, माणसं धरून नेली. "पण मुलांना मी दोन्ही सांगतो," तो म्हणाला. "ते आमचे राजे होते, आणि त्यांनी आम्हाला मारलं." मुलं शवपेटीवरच्या नक्षीत बोटं फिरवत होती. त्याने त्यांना ओरडून मागे घेतलं नाही.

माफालाला या जुन्या वस्तीत मला काही जणांनी एकटीनं जाऊ नको म्हणून बजावलं. तिथल्याच एका तरुणाला सोबत घेतलं, वस्तीत वाढलेला, पंचविशीतला. तो मला 'माना' म्हणायचा. माना म्हणजे मोठी बहीण. इथे रस्त्यावरची कुठलीही बाई माना, कुठलाही पुरुष मानो. दुसऱ्या दिवसापासून मला कुणी 'मॅडम' म्हटलेलं खटकायला लागलं.

पोर्तुगीज काळात शहराचे दोन भाग होते, आणि त्यांना नावंही तशीच: सिमेंटचं शहर आणि बोरूचं शहर. सिमेंटच्या शहरात गोरे राहत. त्यांच्याकडे धुणी-भांडी करणारे, त्यांच्या बंदरात ओझी वाहणारे बोरूच्या, पत्र्याच्या घरांत. माफालाला त्यांतलं. तिथे पक्कं बांधकाम करायची मनाई होती, कारण वस्ती कधीही हलवता यावी. तरुणाने मला एका घरापाशी थांबवलं. बाहेरून गंजलेला पत्रा, लाकडाची चौकट. आत नेलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला विटा-सिमेंटची भिंत. लोक रात्री रात्री थोडं थोडं सिमेंट आणायचे, बाहेरचा पत्रा तसाच ठेवायचे आणि आतून घर पक्कं करत न्यायचे. पाहणी करणारा बाहेरून पाहून निघून जाई.

त्या भिंतीवर मी बराच वेळ हात ठेवून उभी होते. मापुतोमध्ये पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं तर स्टेशन, लोखंडी घर, हत्तीच्या गर्भाच्या बावीस महिन्यांच्या वाढीचे चौदा नमुने ओळीने मांडलेलं निसर्ग-संग्रहालय, हे सगळं सांगता येईल. मी आधी ही भिंत सांगेन.

याच गल्ल्यांमध्ये युसेबियू अनवाणी फुटबॉल खेळत मोठा झाला. 1966च्या विश्वचषकात नऊ गोल करून तो पहिला आला तेव्हा त्याच्या अंगावर पोर्तुगालचा शर्ट होता. जुझे क्राव्हेरिन्या हे कवी इथलेच, 1991 मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च कामोंइश पुरस्कार मिळवणारे पहिले आफ्रिकी लेखक. आणि नोएमिया द सोझा, जिला तिथे मोझांबिकच्या कवींची आई म्हणतात. तिचा जन्म 1926चा, खाडीपलीकडच्या कातेंबेत. वडिलांच्या बाजूने तिच्या रक्तात गोवाही होता. कातेंबेला जायला तेव्हा बोट लागे. आता 2018 पासून तीन किलोमीटरचा झुलता पूल झाला आहे, आफ्रिकेतला सर्वांत लांब. संध्याकाळी त्याच्यावर दिवे लागतात आणि तो सगळ्या शहरातून दिसतो.

गोव्याचं नाव इथे असं अधूनमधून समोर येत राहतं, आणि मराठी माणसाला ते माहीत असायला हवं असं मला कळकळीने वाटतं. 1752पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. मांडवीच्या काठावरून झांबेझीच्या काठाला हुकूम जायचे. दीवचे व्यापारी कापड घेऊन यायचे, आणि इथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापुलाना आजही मोठ्या प्रमाणात भारतातून छापून येतात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगालने त्याचा राग इथल्या भारतीयांवर काढला. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना छावण्यांत डांबलं, दुकानं जप्त केली, मग देशाबाहेर घालवलं. आपण 19 डिसेंबर साजरा करतो. त्या दिवसाची ही बाजू मी मापुतोत जाईपर्यंत ऐकलीही नव्हती.

आणि आकिनू द ब्रागान्सा. 1924 मध्ये गोव्यातल्या बार्देशमध्ये जन्मलेला माणूस. पोर्तुगीज साम्राज्याविरुद्धच्या आफ्रिकी लढ्यांमध्ये पत्रकार म्हणून, मध्यस्थ म्हणून, सल्लागार म्हणून त्याने आयुष्य घातलं. स्वातंत्र्यानंतर इथल्या एदुआर्दु मोंदलाने विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र उभं केलं. तिथे संशोधनाची धुरा सांभाळायला त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या रूथ फर्स्टला आणलं. 17 ऑगस्ट 1982ला तिने टपालानं आलेलं एक पाकीट उघडलं, त्यात बाँब होता. ती जागीच गेली. आकिनू त्याच खोलीत होते, जखमी झाले, वाचले. चार वर्षांनी, 19 ऑक्टोबर 1986च्या रात्री, माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या डोंगरावर कोसळलं. त्यात राष्ट्राध्यक्षांसोबत हा बार्देशकरही होता.

मी त्या विद्यापीठाच्या आवारात गेले तो दिवस योगायोगानं 19 ऑक्टोबरच होता, शनिवार, सगळं शांत. झाडाखाली दोन मुली नोट्स उतरवत होत्या. म्हापशात किती जणांना हे नाव माहीत असेल, असं मनात आलं. जालन्यात तर कुणालाच नाही. मलाही नव्हतं.

यानंतर देशाच्या वाट्याला जे आलं ते थोडक्यातच सांगते, कारण मी ते पाहिलेलं नाही आणि ज्यांनी पाहिलं ते फार बोलत नाहीत. 1977 ते 1992 यादवी. सुमारे दहा लाख माणसं गेली असं म्हणतात. युद्ध संपल्यावर, 1995 पासून, चर्चच्या पुढाकाराने एक मोहीम सुरू झाली: बंदूक आणून द्या आणि बदल्यात कुदळ, सायकल, शिवणयंत्र घेऊन जा. त्या बंदुका तोडून कलाकारांनी खुर्च्या केल्या, पक्षी केले, झाडं केली. मी एका कलादालनाच्या अंगणात असा एक पक्षी पाहिला. चोच बंदुकीच्या घोड्याची होती. देशाच्या झेंड्यावर मात्र अजून बंदूक आहे, कुदळ आहे आणि पुस्तक आहे. अण्णांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी फक्त कुदळीबद्दल विचारलं. तिथली कुदळ कशी असते, दांडा केवढा असतो.

आता मोसंबी.

मी मध्यवर्ती बाजारात गेले. 1901ची इमारत, आत काजूच्या राशी, लाल मिरच्या, सुकी कोळंबी, नारळ. काजूच्या दुकानदारानं मला 'काजू' हा शब्द शिकवायचा प्रयत्न केला आणि मी तो त्याच्या आधी म्हटला. फळवाल्या बाईकडे संत्र्यासारखी फळं होती, हिरवट-पिवळ्या सालीची. काळजात लकाकलं. मी "मोसंबी, मोसंबी?" असं विचारत राहिले. तिला वाटलं मी देशाचं नाव घेतेय, तिने मान डोलावली, "मोसांबीक, सीं," आणि छातीवर हात ठेवला. मग फळ उचलून म्हणाली, "लारांजा."

लारांजा. पोर्तुगीजांनी ते अरबांकडून घेतलं, अरबांनी फारसीतून, फारसीत ते आपल्या 'नारंग'वरून गेलं. म्हणजे या फळाला तिथे आमच्याकडचं नाव आहे आणि आमच्या फळाला त्यांच्याकडचं. आणि ती लारांजाही तिथली नव्हती; हद्दीपलीकडून, दक्षिण आफ्रिकेच्या बागांतून ट्रकनं आलेली. स्थानिक फळ हवं तर इन्यांबानेची टांजेरिना, ती म्हणाली, पण तिचा हंगाम उलटला, जूनमध्ये ये. मी एक लारांजा सोलून खाल्ली. गोड होती. आमच्यासारखी नव्हती.

घरमालकीणबाई साठीच्या. सगळे त्यांना दोना म्हणायचे, मीही. त्या मला 'फिल्या' म्हणायच्या, म्हणजे लेकी. मूळच्या झांबेझिया प्रांतातल्या गुरुएच्या, चहाच्या मळ्यांचा डोंगराळ भाग. ऐंशीच्या दशकात युद्धातून जीव वाचवून मापुतोत आल्या आणि राहिल्या. त्यांची मुलगी बँकेत होती, तिला इंग्रजी यायचं. संध्याकाळी ती घरी आली की आम्हा दोघींच्या गप्पांना वाट फुटायची. तोवर मी माझ्या मराठीतूनच पोर्तुगीज चालवायचे. चावीला 'शाव्ह', बालदीला 'बाल्द', कोबीला 'कोव्ह'. दोनांनी हे शब्द मला न शिकवता समजतात हे पाहून हसून टाळी दिली होती.

सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, तू काम काय करतेस? मी बॅगेतली नमुन्याची पुडी काढून टेबलावर थोडी तूर ओतली. त्या गप्प झाल्या. दाणे बोटांनी सारखे केले. "फेइजाँव बोएर," म्हणाल्या. मग मुलीकडे पाहत सावकाश बोलत राहिल्या आणि मुलगी मला सांगत गेली. त्यांचा भाऊ गुरुएत शेती करतो. 2016 नंतर गावात गाड्या आल्या, हे दाणे भारताला हवेत, पिकवा म्हणाले. भावाने मक्याचं निम्मं रान याला दिलं. गावात हे खायला फारसं कुणी घेत नाही, सगळं विकायलाच. आणि 2017च्या हंगामात कुणी आलंच नाही. भारताने आयातीवर मर्यादा घातली असं रेडिओवर सांगितलं. पोती घरात पडून राहिली. त्या वर्षी मकाही कमी आणि पैसाही नाही. भावाने मुलाला शाळेतून काढलं.

ऑगस्ट 2017. भारतानं ही मर्यादा का घातली ते मला माहीत होतं. अण्णा आणि अण्णांसारखे हजारो ट्रॅक्टरवर झोपले होते म्हणून. मी ते सांगितलं. माझे वडील हेच पिकवतात, त्याच वर्षी त्यांच्या दाण्याला भाव नव्हता, तीन रात्री ते रांगेत होते, हे सगळं सांगितलं. मुलीनं ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. दोनांनी मधेच थांबवून एक गोष्ट पुन्हा विचारली. थंडी होती का? मी म्हटलं, नाही, उन्हाळा होता. त्यांनी मान हलवली.

रात्री मी उरलेले दाणे भिजत घातले आणि सकाळी घुगऱ्या केल्या. तूर नीट शिजायला दीड तास लागला. मीठ, मिरची, वरून कांदा. दोनांनी वाटी हातात घेतली, एक घास खाल्ला, आत गेल्या आणि नारळाचं दूध घेऊन आल्या. त्यांची आजी अशीच करायची म्हणे, फक्त यात नारळ असायचा. आम्ही तो घालून पुन्हा एक उकळी दिली. तशी चव मी आधी कधी घेतली नव्हती आणि ती परकीही वाटली नाही.

त्या दिवशी दुपारी चारला, म्हणजे आपल्याकडच्या साडेसातला, अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. 21 तारखेला आपल्याकडे विधानसभेचं मतदान झालं होतं. त्यांनी शाई लावलेलं बोट दाखवलं. दोनांनीही आपलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यांचीही शाई अजून पुरती गेली नव्हती. मोसंबी सापडली नाही, हे मी सांगितलं. "नसंल सापडत. तिथून निघाली आसंल, मागं राहिली नसंल," अण्णा म्हणाले. मग मी त्यांना दोनांच्या भावाचं सांगितलं. 2017चं. पहिल्यांदाच आम्ही त्या वर्षाबद्दल बोलत होतो, आणि मध्ये एक मोझांबिकची बाई बसलेली होती.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. पाठीमागे पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता. त्या ऑक्टोबरात मराठवाड्यात परतीचा पाऊस थांबत नव्हता, वेचायला आलेला कापूस बोंडातच काळा पडत होता.

"त्या भावाचं यंदा कसं हे?" त्यांनी विचारलं.

दोनांनी दुसऱ्या फोनवरून गुरुएला फोन लावला. दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. अण्णांचा प्रश्न मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये, मग भावाशी बोलताना दोना आपल्या गावच्या भाषेत शिरल्या, ती तर मुलीलाही अर्धीच समजत होती. उत्तर त्याच वाटेनं परत आलं. रान नांगरून तयार आहे. पाऊस नोव्हेंबरात येतो. रोज आभाळाकडे बघतोय. मग त्याने काहीतरी विचारलं.

"तुमच्याकडे पडला का, असं विचारतोय," मुलगी म्हणाली.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी फोन उचलून दारात नेला आणि अंगणातलं पाणी दाखवलं.